पाचव्या गाण्यातला श्वास

गाण्यांच्या जुन्या अल्बमांवरची जाडजूड पुस्तकं वाचायचा नाद रेकॉर्ड कंपनीतल्या या टेपवाल्याला निवृत्तीनंतर लागला. नाद कसला, खोडच! कुठलं गाणं कितव्या खेपेला जमलं, कोण कोणावर रुसलं, सगळं वाचायचा आणि समासात पेन्सिलीनं लिहायचा, 'साफ खोटं', 'हा तिथे होता कुठे?' बायको म्हणायची, "अहो, परीक्षेला बसायचंय का?"

पण लेकीनं परवा आणून दिलेलं पुस्तक त्याला उघडवेना. ते त्यानंच कापून जोडलेल्या अल्बमवर होतं. तेव्हाची रीत अशी, की गायिकेचे श्वास टेपमधून ब्लेडनं काढून टाकायचे. पाचव्या गाण्यातला एक मोठा श्वास तेवढा राहिला. तो कापायला घेतला त्याच दुपारी बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि हा पठ्ठ्या ब्लेड टाकून धावत सुटला. रेकॉर्ड तशीच छापली गेली. शिक्षा म्हणून साहेबांनी त्याला टेपच्या गोदामात बसवलं, पुढची सव्वीस वर्षं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. घरी त्यानं सांगितलं, बढती मिळाली. बाळंतिणीला दुसरं काय सांगणार? पण एवढ्या चांगल्या गाण्याचं आपण वाटोळं केलं, हे त्याच्या जिवाला कायमचं लागून राहिलं. आता तेच पुस्तकात छापलेलं असणार, या धास्तीनं हात पुढे होईना.

शेवटी रविवारी सकाळी त्यानं धीर केला. त्या श्वासावर तब्बल चार पानं! सगळ्या अल्बमचा जीव त्या एका श्वासात आहे, असं लेखकानं लिहिलं होतं. म्हातारा ढसाढसा रडला. मग पुस्तक घेऊन तडक स्वयंपाकघरात गेला.

"अगं, ऐक! तुला कळा आल्या, मी धावत आलो, म्हणून राहिला बघ तो श्वास. त्याच्यापायी लेकाच्यांनी मला गोदामात डांबलं, आणि आता बघ काय लिहिलंय!"

ती भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

"डांबलं? बढती झाली होती ना तुमची?"

त्यानं जीभ चावली. पण बोलून बसला होता.

"अगं, ते आपलं... जाऊ दे ना आता."

"दाई म्हणत होती, अजून पुष्कळ वेळ आहे, त्यांना कशाला बोलावता," ती म्हणाली. "मीच घाबरले. मीच निरोप धाडला."

तिनं सुरी खाली ठेवली.

"आणि बाळाला कडेवर घेऊन गल्लीभर सांगत फिरले हो मी, आमच्या यांना बढती मिळाली म्हणून."