गाडीतून उतरलं कोण

"आता कसला आलाय थाट, पोरी? त्या नट्यांना झगे फुकट मिळत्यात, वर शिवनाऱ्याचं नाव पाठ करून सांगायचं. आमच्या टायमाला तसं नव्हतं."

असं म्हणत ओपल हेंडरशॉटनं सदऱ्याच्या छातीवर पाणी शिंपडून इस्तरी दाबली. सिनेमाच्या बक्षिसांचा आठवडा आला की हॉलीवूडच्या या लाँड्रीत काळ्या कोटांचा ढीग पडायचा. बटणं लावणारी ऑरेलिया हसली. "ओपलबाई, बोलता तर अशा की बक्षिसाचा पुतळा तुम्हालाच मिळाला होता."

"पुतळा न्हाई. पन माझ्या नावाचा गजर झालाय तिथं."

मग ओपलनं ते सगळं सांगितलं. ती ओक्लाहोमाची. धुळीच्या वादळांनी बापाचं रान उडवून नेलं, तेव्हा अख्खं खटलं एका मोडक्या गाडीत बसून इकडं आलं. नवरा व्हर्जिलही तिकडचाच. स्टुडिओत थोरले पंखे लावून खोटी वादळं उठवायची, हा त्याचा धंदा. खऱ्या वादळानं घालवलं आणि खोट्यानं पोसलं, असं तो म्हणायचा.

बक्षिसांच्या दिवशी नाट्यगृहासमोर बघ्यांसाठी लाकडी पायऱ्या उभ्या करत. ओपल आणि तिची मैत्रीण बर्निस उजाडताच तिथली जागा धरायच्या. उकडलेली अंडी खायच्या, बुडाखाली उशी घ्यायच्या. बर्निसचा गळा म्हणजे गिरणीचा भोंगा. दिवस कलला की गाड्या यायला लागत. दार उघडलं की आधी चंदेरी चप्पल दिसायची, मग कोपरापर्यंतचा पांढरा हातमोजा, मग ती बाई. अशी उतरायची की बघणाऱ्याच्या हातातलं अंडं हातातच राहायचं. पण एखाद्या गाडीतून अनोळखी माणूस निघाला, की सगळ्या पायऱ्या सूर लावून ओरडायच्या, "कुनी न्हाईऽऽ!" ओपलही ओरडायची. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

एका वर्षी व्हर्जिलनं सिनेमात उठवलेलं धुळीचं वादळ बक्षिसाच्या निवडीत आलं. दोघांना बोलावणं आलं. ओपल दिवसभर नाचली आणि संध्याकाळी अडून बसली.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "त्या पायऱ्यांवरनं काय वरडत्यात, मला ठावं हाय."

व्हर्जिल बुटाला पॉलिश करत होता. "खरंच हाय की ते. आपून हाओतच कोन? खऱ्याला कशाला भ्यायचं?"

"तुला न्हाई कळायचं."

पण स्वतः शिवलेला निळा झगा घालून गेली खरी. गाडी थांबली. दार उघडलं. ओपलनं पाय बाहेर ठेवला तशी पायऱ्यांवर शांतता पसरली. फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली केले. वरून कुणीतरी सूर धरला, "कुनीऽ..."

"अगं बया, ही तर आपली ओपल!"

बर्निसच ती. मग तिनं भोंगा सोडला, "ओपल! ओपल!" लोकांना वाटलं, बाई एवढी किंचाळते त्या अर्थी कुणीतरी मोठी असणार. अख्ख्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या. नटी हुकली की काय म्हणून फोटोवाले धावत सुटले. एकानं अदबीनं विचारलं, बाईसाहेबांचा सध्या कोणता सिनेमा चालू आहे?

"घरचाच हाय," व्हर्जिल म्हणाला.

ओपलनं हात हलवला, अगदी थोरल्या नट्या हलवतात तसा. बक्षीस दुसऱ्या कुणाच्या खोट्या महापुराला गेलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढच्या वर्षापासून ती परत पायऱ्यांवर, बर्निसच्या शेजारी. आणि गाडीतून अनोळखी माणूस उतरला की 'कुनी न्हाई' सुरू व्हायच्या आधीच या दोघी उठून कौतुकाची आरोळी द्यायच्या.

"आता बर्निस न्हाई, व्हर्जिल न्हाई," ओपल म्हणाली. "पन त्या गळ्याचे उपकार मी जल्मभर इसरनार न्हाई. तिनंच मला आत पोचवलं."

ऑरेलियाची सुई थांबली होती. "पण नाव ठाऊक नसलं, तर तुम्ही ओरडायचात काय?"

"नाव कशाला लागतंय? 'लई झ्याक दिसतीस गं!' म्हनायचं. तेवढ्या जोरावर मानूस दारातनं आत जातंय."

बाहेर गिऱ्हाइकाची गाडी वाजली. ओपलनं इस्तरी झालेला सदरा खुंटीला लावला आणि ढिगातला दुसरा ओढून कॉलर उलगडली.