धुळाचा पट्टा

धुळा गावडे सांगली–आष्टा रस्त्यावर वडापची, म्हणजे माणसं भरून भाडं मारणारी, जीप चालवायचा. बापानं जन्मभर मेंढरं राखलेली, त्यामुळं कमी जागेत जास्त जीव कसे बसवायचे ही विद्या घरातलीच होती. सोळा माणसं झाल्याशिवाय किल्ली फिरवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. सोळावा बसायचा धुळाच्या उजवीकडं, अर्धा जीपमध्ये आणि अर्धा रस्त्यावर.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात हॉटेलातल्या टीव्हीवर त्यानं परदेशातली मोटारींची शर्यत पाहिली. गाड्यांना ना छत, ना मडगार्ड. चाकं सगळी उघडी. एक गाडी भिंतीवर आदळली आणि ड्रायव्हर गेला. धुळा अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

"हेल्मेट हाय, पट्टा हाय, डॉक्टर उभा हाय, तरी माणूस गेला," तो आठवडाभर स्टँडवर सांगत होता. "मग आपलं काय, गड्या?"

हा घोर त्याला खरोखरच लागला. आष्ट्यात ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून त्यानं नायलॉनचा जाड पट्टा शिवून घेतला. सोमवारी तो स्वतःभोवती आणि उजवीकडच्या धोंडिराम मास्तरांभोवती मिळून आवळला. मास्तर वळणावर तसूभर हलले नाहीत.

डिग्रजच्या फाट्यावर जीप थांबली.

"कसं वाटतंय, मास्तर?"

"लय घट्ट बसलोय. पडायचं भ्याव न्हाई."

धुळानं समाधानानं मान हलवली आणि फाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मास्तरांच्या पलीकडची चार बोटं जागा दाखवली.

"आवं, या की. आता धरायला पट्टा हाय."