गांधीलमाशीला हळदकुंकू

माझ्या जावेचा चेहरा सुजून ओळखू येईना झाला, त्या दिवसाची गोष्ट गावात वेगळीच सांगतात. म्हणतात, देवीचा कोप झाला. ते ऐकलं की आजही माझ्या अंगाची लाही होते. कोप कसला! गांधीलमाशा चावल्या, आणि त्या चावाव्यात अशी सोय घरच्याच माणसांनी केली होती.

मी सांगलीची. लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या त्या गावी आले तेव्हा मोठी लढाई चालू होती. घरात सासू-सासरे, हे आणि माझी थोरली जाऊ. थोरले दीर पलटणीत, समुद्रापलीकडे कुठंतरी. जावेला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती खरी, पण दिरांची ती सगळी छावणीत आणि आघाडीवर गेलेली. सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे. मग मूल व्हायचं कसं, हे घरात कुणी विचारत नव्हतं. दोष जावेचा, हे ठरलेलं होतं.

आमच्याकडे एक समज आहे. कुंभारणीनं घरात मातीचं घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, एकटीच ये-जा करणारी माशी. तोंडात ओली माती आणून भिंतीला लिंपते, आत अळ्या भरून ठेवते आणि घराचं तोंड बंद करून निघून जाते. तिला हातानं पकडायला गेलं तरच ती डंख मारणार. एरवी माणसाकडे बघतही नाही.

त्या उन्हाळ्यात न्हाणीच्या छपराखाली माशांची ये-जा सुरू झाली. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ते त्या कबूल करत नसत. खालून मान वर करून त्यांनी सांगून टाकलं, "कुंभारीण हाय. देवी पावली गं बाई! आता बघा, औंदा आनंद हाय."

मी वर पाहिलं. वाशाला बारीक देठावर लोंबणारं करडं पोळं होतं, कागदासारखं, खालच्या तोंडाला छिद्रं छिद्रं. त्याच्यावर पिवळ्या-तांबड्या माशा दाटीनं बसल्या होत्या. एक उडाली ती लांब पाय खाली सोडून.

"आत्याबाई, ती गांधील आहे," मी म्हटलं. "कुंभारीण माती लिंपते. हे मातीचं नाही. आणि कुंभारीण अशी घोळक्यानं राहत नाही."

"तू काल आलीस. मला शिकवतीस व्हय?"

मी काही जगावेगळं सांगत नव्हते. गावातल्या शेंबड्या पोरालाही गांधील कळते. सासऱ्यांना दिसत होतं. ह्यांना दिसत होतं. सासरे तंबाखू मळत म्हणाले, "आसंल बाबा, तिला म्हाईत." आणि हे मान खाली घालून भाकरी खात राहिले. त्या खाली घातलेल्या मानेचा राग मला अजून आहे. सासूबाईंना निदान दिसत नव्हतं.

शुक्रवारी सासूबाईंनी जावेला न्हायला लावलं, हातात हळदकुंकवाची कुयरी दिली आणि सांगितलं, घडवंचीवर चढ आणि त्या घराला हळदकुंकू वाहा. जावेनंही पोळं पाहिलं होतं. मी तिचा दंड धरला.

"आक्का, चढू नका. तुम्हाला दिसतंय ना काय आहे ते?"

"दिसतंय की," ती हळूच म्हणाली. "न्हाई चढले तर वरीसभर ऐकावं लागंल. दोन माशा चावल्या तर चावल्या."

ती चढली. बोट पोळ्याला लागलं मात्र, सगळ्या एकदम उठल्या. घडवंची कलंडली. जाऊ खाली पडली आणि माशा तिच्या तोंडावर, मानेवर, ओल्या केसांत. मी घोंगडं टाकून तिला ओढत अंगणात आणलं. माझ्याही हाताला डंख बसले. तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घुरघुरायला लागला. कुणी चुना आणला, कुणी कांदा. मी ओरडले, "गाडी जुंपा!" तेव्हा कुठं हे हलले.

इस्लामपूरच्या डॉक्टरांनी सुई दिली. संध्याकाळपर्यंत श्वास नीट झाला. डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर बाई हाती लागली नसती.

आणि परत आल्यावर सासूबाई काय म्हणाल्या? "हिच्यातच कायतरी खोट आसंल, म्हणून देवीनं न्हाई घेतलं."

माझं डोकं फिरलं. काठीला चिंध्या गुंडाळल्या, घासलेटात बुडवल्या आणि दिवेलागणीला, माशा पोळ्यावर बसल्यावर, न्हाणीत जाऊन पोळं जाळलं. लढाईमुळे घासलेट मिळायची मारामार. सासूबाई बाहेरून ओरडत होत्या, "घासल्याट संपीवलं गं हिनं!" सून मरता मरता वाचली होती, आणि ओरड घासलेटाची.

"पुन्हा आक्कांना कुठं चढवलंत तर मी माहेरी जाऊन सगळं सांगेन," मी सासऱ्यांपुढे उभी राहून म्हणाले. त्यांनी तंबाखूची पिंक टाकली आणि उठून गोठ्याकडे गेले.

बातमी कळताच जावेचा भाऊ खंडाळ्याहून आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. तिचा एक डोळा तेव्हाही पुरता उघडत नव्हता. सासूबाईंनी निरोपावर निरोप धाडले. ती आली नाही.

लढाई संपली, दीर परत आले. सासूबाईंनी त्यांना देवीची गोष्ट ऐकवली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी सांगा. काय झालं?"

मी सगळं सांगितलं, सगळ्यांच्या देखत. कुणाची मान कुठं होती तेसुद्धा.

दीर उठले. ट्रंक उघडलीही नव्हती, ती तशीच उचलली.

"आरं, पानी तरी पी," सासूबाई म्हणाल्या.

"तिला आंधळ्यागत वर चढीवलं. मी तिकडं गोळ्या खात हुतो, आन् तुमी हिकडं माशांकडनं पोरं मागत हुता?"

ते तडक खंडाळ्याला गेले. पुढं दोघांनी साताऱ्यात बिऱ्हाड केलं. दिरांना तिथं नोकरी लागली. मूल झालं नाही. मी कधी गेले तर जाऊ मला आग्रह करकरून वाढायची, आणि दीर तिच्या पानात वाढायचे.

सासूबाई माझ्याशी फार दिवस बोलल्या नाहीत. मीही बोलायला गेले नाही.