जोडतास आणि टँकरची सभा

माणसाला प्रशिक्षणाला पाठवलं जातं. स्वतःहून कोणी जात नाही. मी गेलो, कारण मला गुरुवारचा जोडतास वाचवायचा होता.

धायरीतल्या आमच्या शाळेत मी आठवीला इतिहास, भूगोल आणि वेळ उरलाच तर नागरिकशास्त्र शिकवतो. गुरुवारी लागून आलेले दोन तास, एवढीच माझी इस्टेट. तिच्यावर गणिताचा डोळा होता. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्टच सांगितलं, "सर, धडा वाचून दाखवायला दोन तास कशाला? वेगळं काही करत असाल तर करून दाखवा. मी येऊन बसते. नाहीतर त्यातला एक तास गणिताला."

त्यांचं काही चुकत नव्हतं. खरा त्रास तोच होता.

प्रशिक्षण कोथरूडच्या एका शाळेत होतं. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी सकाळभर भाषण करून भाषणाची पद्धत कशी कालबाह्य झाली आहे, ते सांगितलं. पडद्यावर जे लिहिलं होतं तेच ते वाचत होते. आम्हालाही वाचता येतं, हे त्यांना कोणी कळवलं नसावं. जेवणानंतर मात्र त्यांनी एक बरी गोष्ट केली. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा एक पत्ता दिला. त्यावर भूमिका लिहिलेली: सोसायटीचे अध्यक्ष, पाणीखात्याचे अभियंता, चाळीतल्या बाई, टँकरवाला. वस्तीला पाणी कमी आहे, टँकर एकच आहे. तो आधी कुठे आणि कधी जाणार, हे अर्ध्या तासात सभा घेऊन ठरवा. एवढं सांगून ते चहाला गेले.

खोलीत सगळेच नागरिकशास्त्राचे शिक्षक. लोकशाही आमच्या जिभेवर. सभाध्यक्षांच्या नावाची सूचना आली, तिला अनुमोदन आलं. एका बाईंचा गळा चांगला होता, म्हणून स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला. गुलाबाचं फूल नव्हतं, तेव्हा कोणीतरी खडूची पेटी देऊन अध्यक्षांचा सत्कार केला. मी टँकरवाला होतो. माझाही सत्कार झाला आणि, सांगायला हरकत नाही, मी दोन शब्द बोललोसुद्धा. आभारप्रदर्शन रंगात आलं असताना घंटा वाजली. टाळ्या झाल्या.

हडपसरच्या एका शिक्षिकेकडे चाळीतल्या बाईंचा पत्ता होता. त्या मागून म्हणाल्या, "कार्यक्रम छान झाला हो. पण माझी कळशी?"

आधी कोणी हसलं नाही. मग सगळे इतके हसले की मार्गदर्शक चहा टाकून धावत आले.

घरी येताना मी स्कूटरवर एकटाच बडबडत होतो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे काळजीने पाहत होता. आमच्या धड्यात सभासद किती, मुदत किती, अध्यक्ष कोण, सगळं होतं. पाणी नव्हतं! एवढी वर्षं मी मुलांना तो सत्कारच शिकवत होतो. घरी पोचताच साठवलेल्या लग्नपत्रिका कापायला बसलो. पुढे गणपती, मागे टँकरवाला, असे पत्ते तयार झाले. हडपसरच्या बाईंना फोन केला, तर त्यांनी एक नियम सुचवला: जो स्वागत किंवा सत्कार करेल, त्याचा पत्ता जप्त.

गुरुवारी मुख्याध्यापिकाबाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. वर्गात बोलते म्हणून जिला मी वर्षभर उभी करत आलो, तिलाच सभेची अध्यक्ष केलं. पहिल्याच मिनिटाला सोसायटीच्या अध्यक्षाचा पत्ता जप्त झाला, कारण त्याने "व्यासपीठावरील सन्माननीय" अशी सुरुवात केली होती. मग गाडी सुटली.

"साहेब, पाइपलाइन कधी येणार?"

"काम प्रोसेसमध्ये आहे."

"मागच्या वर्षी पण प्रोसेसमध्येच होतं!"

"हो, सेम प्रोसेस आहे ती."

"आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. टँकर आधी आमच्याकडे."

"लिफ्ट आहे ना? कळशी घाला लिफ्टमध्ये!"

एवढ्यात वाशीमकडून कामासाठी आलेल्या घरातला मुलगा उठला. त्याच्याकडे अभियंत्याच्या मदतनिसाचा पत्ता होता, तो त्याने बाकावर ठेवला. "टँकर सकाळी येते. तवा माय कामावर राहते, मी शाळेत. पानी भरन कोन?"

मग एकदम सगळेच बोलायला लागले. पहिल्या तासाची घंटा झाली, ती माझ्याखेरीज कोणाला ऐकू आली नाही. अखेर ठराव आला: टँकर संध्याकाळी, आणि आधी चाळीत.

"संध्याकाळी?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. "अहो, संध्याकाळी टँकर गल्लीत उभा राहिला तर आम्ही गाड्या कुठून न्यायच्या?"

"बाई, हात वर करून बोला," अध्यक्ष म्हणाली. "आणि आपण कोण?"

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी... सोसायटीत राहते."

"मग सोसायटीच्या बाजूला बसा."

आणि त्या उठून तिकडे जाऊन बसल्या! गाड्यांवर बोलल्या, तावातावाने बोलल्या, मतदानात हरल्या. तेवढ्यात दुसरी घंटा झाली.

"हा ठराव मला मान्य नाही," त्या दारात म्हणाल्या. "माझा मुद्दा नीट ऐकूनच घेतला नाही. पुढच्या गुरुवारी सभा पुन्हा घ्या."

"एका तासात नाही व्हायचं, बाई."

"एका तासात कसं होईल? दोन्ही लाग..." त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं. गणिताचं शुक्रवारी बघते."

मी जिन्यातूनच हडपसरला फोन लावला. "बाई, जोडतास वाचला!"

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "पण पाण्याचं काय झालं?"

"संध्याकाळी येणार. आधी चाळीत."