रानद्राक्षाची वेल

गावचं घर माझ्या नावावर होतं. ते मी विकलं आणि आईला सांगितलं नाही. ताबा देऊन निघताना मात्र राहवलं नाही, म्हणून मागच्या बांधावरची रानद्राक्षाची वेल खणून आणली आणि इथे शहरात, आमच्या बागेत लावली. खणताना निम्मी मुळं तुटली होती, तरी दोन दिवस ती हिरवीगार दिसत होती. शेजारी काम करणारे माळीकाका म्हणाले, "ते अंगातलं पाणी आहे. पानं सगळी खुडा, नाहीतर पानं पोसता पोसताच मरेल."

मागच्या वर्षी आईला इथे आणलं तेव्हा तीही दोन दिवस अशीच टवटवीत होती. मग मी खुडायला लागलो. तिची गाय देऊन टाकली, भांडी वाटली, शेजारणीला रोज होणारे फोनही "कशाला उगाच" म्हणत बंद केले. तिच्या भल्यासाठीच करत होतो, त्यामुळे हात कुठे अडला नाही. घराची किल्ली तेवढी तिच्या कनवटीला राहू दिली.

आज पानं खुडताना आई पायरीवर बसून बघत होती. शेंड्याचं एक कोवळं पान मी ठेवलं. ती उठली, तेही खुडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग कनवटीची किल्ली काढून त्या पानावर ठेवली.

"हीपण घे," ती म्हणाली. "घर राहिलं असतं, तर तू वेल खणली नसतीस."