टाकीतले दहा मासे

शी! अजूनही मासळीचा वास आला की मी रस्ता बदलते. मी शिरूरकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होते. कारखान्याचं घाण पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडायचे. त्यात विष उरलं नाही ना, हे बघायला काचेच्या टाकीत ते पाणी भरून बोटाएवढे दहा मासे सोडायचे आणि चार दिवस थांबायचं. नऊ जगले की पाणी पास.

त्या खेपेला तिसऱ्या दिवशी सकाळी सहा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कल्ल्यांतून काहीतरी चिकट, बुळबुळीत लोंबत होतं. नाक दाबून साहेबांना बोलावलं, तर त्यांनी टाकीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"मॅडम, मासेच कमजोर आले असणार. बदलून टाका. उद्या रिपोर्ट जायचाय."

आणि बदलले की मी! चहाच्या जुन्या गाळणीनं मेलेले उपसले, बादलीतले ताजे सोडले. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा जिवंत. असणारच, एकच तर दिवस काढायचा होता त्यांना. सही ठोकली. चारदा हात धुतले, तरी डबा तसाच घरी परत नेला.

माझे मामा त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला भाजीपाला करतात. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "पोरी, हिरीनं तळ गाठलाय. वढ्याचं पाणी मेथीला सोडू का? तुमच्या टाकीत मासं जगत्यात का?"

साहेब शेजारीच उभे होते. "जगतात, मामा," म्हणाले मी. जीभ कशी झडली नाही माझी!

महिन्याभरानं मामा मेथीची जुडी घेऊन दारात हजर. "बघ की, कशी हिरवीगार हाय! तुझ्या मासळीच्या भरवशावर केली."

जुडी हातात घेतली आणि तीच बुळबुळ बोटांना जाणवली. मग राहवलंच नाही. "मामा, फेका ही. मासे मेले होते. मीच बदलले."

मामांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

"ही फेकतो गं," म्हणाले, "पर बाकीची समदी सकाळीच तळेगावच्या बाजारात इकून आलोय. ती कुणाकुणाच्या घरी गेली, आता कुटं हुडकू?"