जाधवकाकांची डुप्लिकेट चिप

बाई गं, माझ्या हातून काय होऊन बसलं ते आता सांगूनच टाकते! पोटभर हसा, फक्त मध्येच थांबवू नका. एकदा थांबले तर पुढचं सांगायचा धीर होणार नाही.

मी काय काम करते, ठाऊक आहे का तुम्हाला? नाही ना? घरीही कोणाला ठाऊक नाही. सासूबाई अख्ख्या माधवगंज मोहल्ल्यात आपल्या हिंदीमिश्रित मराठीत सांगतात, "आमची सून कंप्यूटर में है." झालं!

तर आमची छोटी कंपनी पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवते. कंट्रोलर चालू केला की सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो बूटलोडर. तो राहतो फ्लॅश मेमरीच्या चिपवर. आणि त्या चिपवर लिहायचं कसं, पुसायचं कसं, हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर. हा ड्रायव्हर सांभाळायचा, ही माझी नोकरी. सात वर्षं! बाजारात चिप बदलली की माझा ड्रायव्हर बदला. आणि चिप बदलायला बाजाराला काय, निमित्तच हवं असतं!

यावेळीही नव्या चिप आल्या, पाटणकर बाजारातल्या जाधवकाकांकडून. काका साठी उलटलेले, दुकान रेडिओच्या जमान्यातलं. आमच्या कंपनीला पहिल्या दिवसापासून माल त्यांचाच. ही नवी चिप पुसायला जरा जास्त वेळ घेते. म्हणून मी ड्रायव्हरला थोडं जास्त थांबायला शिकवलं, तो घालून नवा बूटलोडर तयार केला, कंट्रोलरच्या बोर्डावर चढवला आणि बोर्ड चालू केला.

स्क्रीनवर उमटलं: बूटलोडर, व्हर्जन 2.3.

अरे! 2.3 तर जुना. मी 2.4 चढवला होता!

परत चढवला. 2.3. चिप साफ पुसून चढवला. 2.3! दुसरा बोर्ड घेतला, तिथेही तेच. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे, ड्रायव्हर लिहून झाल्यावर स्वतः परत वाचून बघतो, आणि दर वेळी छातीठोक सांगतो, "बरोबर लिहिलंय." हा म्हणतो लिहिलं, स्क्रीन म्हणते नाही. माणसानं ऐकायचं कोणाचं?

तीन दिवस मी तो ड्रायव्हर ओळीओळीनं उसवत होते. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "वरणात नमक कम है क्या?" मी खेकसले, "परत वाचून बघ!"

तिकडे मुरारच्या एका कॉलनीत टाकीवर आमचा कंट्रोलर बसायचा होता. जुना जळालेला, माणसं टँकरपुढे बादल्या घेऊन उभी. आमचे मालक भदौरियासाहेब तासातासाला माझ्या टेबलाशी.

"मैडम, हुआ?"

"नहीं सर."

"क्यों नहीं हुआ?"

आता काय सांगायचं? चौथ्या दिवशी माझा तोल गेला. "सर, चिप ही नकली है. लिखती ही नहीं!"

झालं! साहेबांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. "सारा माल वापस जाएगा, आपकी मेमरी में गड़बड़ है!" आणि मला पाठवलं दुकानात, समोर सिद्ध करून दाखवायला.

मी लॅपटॉप आणि बोर्ड घेऊन तणतणत गेले. काऊंटरवर एक मावशी टीव्हीचा रिमोट घेत होत्या. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय गं रोहिणी, माझी चिप डुप्लिकेट? इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नाही मला."

"काका, मी करूनच दाखवते ना!"

"दाखव. थांब, चिप मी देतो." त्यांनी आतून सीलबंद पाकीट आणलं आणि माझ्यासमोर फोडलं. टेस्टिंगच्या बोर्डावर चिप काढता-घालता येते. मी ती बसवली, बूटलोडर चढवला, बोर्ड चालू केला.

2.3!

"बघा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. "हीसुद्धा नकली!"

मावशींनी हातातला रिमोट हळूच काऊंटरवर ठेवला. "भैया, ये रहने दो."

काकांचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही. "मला एक सांग. ही चिप कोरी होती ना?"

"हो."

"आत्ता तुझ्यासमोर पाकिटातून निघाली?"

"हो, पण..."

"मग हिला तुझा दोन पॉइंट तीन सांगितला कोणी?"

मी ऐकणार? छे! "वापरलेली असणार! जुन्या चिप घासूनपुसून विकत असतील!"

"वापरलेली, मान लिया. पण तुझ्याच कंपनीचा बूटलोडर पोटात घेऊन आली?"

मी लॅपटॉप पुढे ओढला.

अहो, तो व्हर्जनचा आकडा काही आपोआप बदलत नाही! प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते, ती हातानं बदलायची असते. कोणी? मी! लॅपटॉपवर ती ओळ उघडली, तर 2.3 तिथं आरामात बसलेला. ड्रायव्हर बदलला, सगळं बदललं, आकडा तेवढा राहिला. म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्याच वेळी, नवा बूटलोडर नीट चढला होता. ड्रायव्हर खरा, चिप खरी. बोर्ड बिचारा मी लिहिलेलं मलाच वाचून दाखवत होता!

कानशिलं अशी तापली म्हणून सांगू! आकडा बदलला, परत चढवलं. 2.4. मग मावशींकडे वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चिप बिलकुल असली है. गलती मेरी थी." मावशींनी माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं आणि रिमोट उचलला.

"काका, माफ करा."

"बस. चहा घे," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. माझी उचलायची हिंमत होईना. काकांनी उचलला, आणि साहेबांचा आवाज तर फोनबाहेरही ऐकू येतो.

"क्या निकला? मेमरी में ही गड़बड़ थी न?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हाँ साहब, थी तो मेमरी में ही."

माझा जीव भांड्यात पडला. देवमाणूस! मला सांभाळून घेतलं!

काकांनी बशीत चहा ओतला, एक भुरका मारला आणि पुढे म्हणाले, "पर चिप की नहीं, मैडम की."